फॉर्च्युनर की एन्डेव्हर: सेकंडहँड घेणाऱ्या कुटुंबवाल्यांसाठी

पंचवीस-तीस लाखांची तयारी, घरात सहा-सात माणसं, गाव घाटाखाली आणि भर पावसातही तिथे जाणं चुकत नाही. असं सगळं असलं की शोध फिरून फिरून दोनच नावांवर येतो: टोयोटा फॉर्च्युनर नाहीतर फोर्ड एन्डेव्हर. मधेच कुणीतरी पिल्लू सोडतंच, ‘अरे, एवढ्या पैशात जुनी जर्मन गाडी येते की!’ येते ना. पण अशा गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. वॉरंटी संपलेलं एअर सस्पेन्शन घेऊन गुहागरला जायची हिंमत माझ्यात तरी नव्हती, त्यामुळे तो विषय मी लवकर मिटवला.

दोन्ही गाड्या मी बऱ्यापैकी चालवल्यात. फॉर्च्युनर मेव्हण्याची, २०१७ ची, २.८ डिझेल ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर, म्हणजे गरजेला चारही चाकांना ताकद देणारी. ती अधूनमधून आमच्याकडे मुक्कामाला असायची. एन्डेव्हर आमची, २०१९ ची ३.२, अर्थात दुसऱ्या हातची. म्हणजे माझा कौल तुम्हाला कळलाच. तरी फॉर्च्युनर का घ्यावी याची कारणंही प्रामाणिकपणे सांगतो, कारण ती खरीच आहेत. शिवाय मी काही मोजमाप केलेलं नाही. पाठ, गुडघे आणि पंपावरची पावती एवढीच माझी साधनं.

इंजिनावर फार वेळ घालवू नका. फॉर्च्युनरचं २.८ आणि एन्डेव्हरचं पाच सिलिंडरचं ३.२, दोन्ही सात माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट विनातक्रार चढतात. मेव्हण्याच्या फॉर्च्युनरवर आमच्या एन्डेव्हरची २०० पीएस ताकद आणि ४७० न्यूटन मीटर टॉर्क ही कागदावरची सरशी घाटात ओव्हरटेक करताना थोडी जाणवते. डिझेल मात्र ती जास्त पिते. गावात आठ आणि हायवेवर अकराच्या आसपास मिळालं की मी खूश असतो. फॉर्च्युनर लिटरमागे एखाददुसरा किलोमीटर जास्त द्यायची. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने एवढ्यासाठी गाडी ठरवू नये.

स्टिअरिंगचा फरक त्याहून मोठा. फॉर्च्युनरचं हायड्रॉलिक आहे. हायवेवर ते घट्ट आणि भरवशाचं वाटतं, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला वळसा घालून गाडी लावायची म्हणजे दंडाला व्यायाम. एन्डेव्हरचं इलेक्ट्रिक, एका हाताने फिरतं. आमच्याकडे मुलांना क्लासला सोडणं हे बायकोचं काम, आणि एवढं धूड ती कुरकुर न करता घेऊन जाते याचं निम्मं श्रेय या स्टिअरिंगला. काहींना ते फार हलकं, खेळण्यासारखं वाटतं, तेही चूक नाही.

आता मागे बसणाऱ्यांचं. आईला गाडी लागते. आवळा सुपारी, खिडकी थोडी उघडी, पुढचं सीट, सगळे उपाय झालेत. दोन्ही गाड्या लॅडर फ्रेमच्या, म्हणजे ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या, त्यामुळे थोडं हलणं-डुलणं आलंच. तरीही फॉर्च्युनरमध्ये दोन-तीनच माणसं असली आणि रस्ता उखडलेला असला की मधल्या रांगेत बारीक आडवे हिसके बसायचे. गाडी भरली की ती छान बसते, हेही सांगायला हवं. एन्डेव्हरच्या मागच्या अॅक्सलला (चाकांच्या आसाला) वॅट्स लिंकेज आहे. चाक खड्ड्यात वरखाली झालं तरी अॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून केलेली ही जोडणी. फॉर्च्युनरमध्ये तेच काम एका आडव्या दांड्याने होतं, आणि दांडा कंसात फिरतो तसा अॅक्सल किंचित बाजूला जातो. आईला यातलं काही ठाऊक नाही. पाटणच्या पुढे ती झोपते, एवढं मला पुरतं. मात्र याच एका कारणावरून मी निर्णय घेतला नसता. चांगले टायर आणि योग्य हवा यांनी फॉर्च्युनरही पुष्कळ सुधारते.

फोर-बाय-फोर हवंच का, हा प्रश्न सगळे विचारतात. गाव डांबरी रस्त्यावर असेल तर खरं तर नको. आमच्या घराकडे शेवटचा तुकडा कच्चा, जांभ्याचा, आणि जुलैत त्याचा लाल चिखल होतो. तिथे दोन्ही गाड्या सारख्याच निर्धास्त. फरक पडतो तो ओल्या डांबरावर. फॉर्च्युनरची २०१६ नंतरची फोर-बाय-फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे हवी तेव्हा आपणच लावायची. पकड चांगली असलेल्या रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांची नेहमीच्या वेगाची स्थिती) लावून वळणं घ्यायची नसतात, पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातल्या फरकाने यंत्रणेवर ताण येतो. म्हणजे घाटात चालवायचं मागच्या दोन चाकांवरच, आणि कुठे बटण फिरवायचं, कुठे सोडायचं हे चालवणाऱ्याने ठरवायचं. एन्डेव्हर गरज पडेल तशी पुढच्या चाकांना ताकद आपोआप देते. धुकं, पाऊस आणि मागे भांडणारी मुलं असताना ठरवण्याची एक गोष्ट कमी झाली तर बरंच वाटतं.

पाण्यात उतरण्याची क्षमता कंपन्या एन्डेव्हरची ८०० मिलिमीटर आणि फॉर्च्युनरची ७०० सांगतात. विक्रेता हा आकडा आवर्जून ऐकवतो. ऐका आणि सोडून द्या. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हा त्यावरच्या गाड्यांना असले आकडे उपयोगी पडणार नव्हते. पुलावरून पाणी जात असेल तर अलीकडे थांबायचं, गाडी कुठलीही असो.

माझं घोडं जिथे अडलं ती गोष्ट वरकरणी क्षुल्लक आहे: तिसऱ्या रांगेची सीटं.

फॉर्च्युनरमध्ये ही सीटं जमिनीत मिटत नाहीत. पाठ पाडायची, अख्खं सीट उचलून खिडकीकडे उभं करायचं आणि पट्ट्याने वरच्या हुकाला अडकवायचं. दोन्ही बाजूंनी दोन सीटं अशी टांगून राहतात. डिकीची रुंदी त्यांनी खाल्ली, मागच्या बाजूच्या खिडक्याही झाकल्या. शोरूममध्ये हे करून दाखवणारा मुलगा तरुण असतो, एका झटक्यात करतो. आपल्या अंगणात चित्र वेगळं असतं. मे महिन्यात परतीच्या दिवशी आंब्याच्या पेट्या, नारळाचं पोतं, कोकमाचे डबे, बाबांचा वॉकर, आणि एक फणस, जो नको म्हटलं तरी काकू ठेवतेच. टांगलेल्या सीटांच्या मधल्या बोळात पेट्या आडव्या बसत नाहीत, उभ्या ठेवल्या तर खालच्या आंब्याचं काय होतं ते सांगायला नको. सगळं एकदाचं कोंबून झालं की शेजारचे नाना पिशवी घेऊन येतात, ‘चिपळूणपर्यंत सोडशील ना रे?’ मग डिकी अर्धी उपसा, हूक काढा, सीट खाली घ्या. नानांना नाही म्हणायची सोय आमच्याकडे नाही. चिपळूणला नाना उतरले की सीट परत वर.

ज्यांच्याकडे कायम पाचच माणसं असतात ते सीटं एकदा वर टांगून विसरून जातात. कायम सात असणाऱ्यांचीही अडचण नाही. आमच्यासारख्या कधी पाच, कधी सहा, कधी सात घरांचे हाल. पंचावन्नच्या पुढच्या माणसाने खांद्याच्या वर हात नेऊन सीट उचलायचं, तेही बंपरवरून वाकून, हे वाटतं त्यापेक्षा जड जातं. बायकोला ते एकटीने जमत नसे. म्हणजे प्रत्येक वेळी मी हवा किंवा शेजारचा कोणीतरी.

एन्डेव्हरच्या वरच्या मॉडेलमध्ये डिकीत कडेला बटणं आहेत. दाबून धरलं की सीट गुरगुरत खाली जातं आणि सपाट जमीन होते. अर्धंच पाडायचं असेल तर एकच बाजू. पेट्या आडव्या, त्यावर चटई, फणस कोपऱ्यात. यातही खोड आहे. डिकीची जमीन उंच असल्याने पोतं वर चढवायला जोर लागतो, आणि तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीशी येतात. (फॉर्च्युनरची तिसरी रांगही मोठ्यांना नानांच्या चिपळूणपलीकडे झेपत नाही.) पण सामान भरताना घरातल्यांची तोंडं वाकडी होत नाहीत.

एवढ्याशा गोष्टीसाठी टोयोटा सोडली, असं मेव्हणा अजून म्हणतो. त्याच्या बाजूला मोठा मुद्दा आहे. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ ला भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि एन्डेव्हर पोरकी झाली. सर्व्हिस चालू आहे. फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट असल्या नेहमीच्या वस्तू मिळतात. पण अपघातात दरवाजा, दिवा, बंपर असं काही गेलं तर वाट बघायची तयारी हवी, आणि दुसरी गाडी घरात नसेल तर हा मुद्दा हलका घेऊ नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स समजणारा, डायग्नॉस्टिक यंत्र असलेला गॅरेजवाला तुमच्या शहरात आहे का, ते गाडी बघायच्या आधी शोधा. पुण्या-मुंबईत असा माणूस मिळतो. तालुक्याच्या गावी राहत असाल तर मी स्वतः फॉर्च्युनरच सुचवेन. तिला हात लावणारे मेकॅनिक गावोगाव आहेत.

विकताना तर फॉर्च्युनरला तोड नाही. पण याची दुसरी बाजू अशी की घेतानाही ती महागच पडते. मी शोधत होतो तेव्हा सारख्याच पैशात एन्डेव्हर दोनेक वर्षं नवी आणि कमी पळालेली मिळत होती. चार वर्षांनी विकायची असेल तर फॉर्च्युनरचं गणित बरोबर. दहा वर्षं वापरायची असेल तर शेवटी काय भाव येईल याची चिंता मी तरी करत नाही.

शिवाय पांढऱ्या फॉर्च्युनरचं आपल्याकडे एक सामाजिक वजन आहे. समोरचा टेम्पो आपोआप बाजूला होतो, आणि पेट्रोल पंपावर पोरगं ‘दादा’ म्हणतं. गुंठामंत्र्यांच्या कृपेने मिळालेला हा मान कुणाला आवडतो, मला जरा अवघडल्यासारखं होतं. पण सेकंडहँड घेणाऱ्यासाठी यात एक खरा धोका आहे. बऱ्याच फॉर्च्युनर ताफ्यात, ड्रायव्हरच्या हातात, निवडणुकीच्या धामधुमीत पळालेल्या असतात. विक्रेता ‘डॉक्टरांची गाडी आहे साहेब, सिंगल हँड’ म्हणणारच. सर्व्हिस रेकॉर्ड नंबर टाकून काढायला लावा आणि किलोमीटर तारखेनिशी जुळवा.

दिल्लीकडची स्वस्त गाडी दाखवली तर जपून राहा. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून त्या इकडे येतात. गाडी वाईटच असेल असं नाही, पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नव्याने नोंदणी धरली की स्वस्ताई बरीचशी आटते. मुंबई किंवा किनारपट्टीवरची गाडी असेल तर लिफ्टवर चढवून फ्रेमचा गंज बघा. फोर-एल (चारही चाकांचा हळू, जास्त जोराचा गिअर) एकदा प्रत्यक्ष टाकून बघा, अनेक मालकांनी ते कधीच वापरलेलं नसतं. टायर दोन्हींना सहसा २६५/६० आर १८ येतात आणि चारचा संच महाग आहे, त्यामुळे झिजलेल्या टायरवर भाव पाडायला लाजू नका.

एक मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोजचा वापर शाळा, भाजी, बँक असा तीन-चार किलोमीटरचा असेल तर त्यात काजळी साठते आणि ती जाळायला गाडी हायवेवर पळवावी लागते. अशा घराने फॉर्च्युनरची २.७ पेट्रोल जरूर बघावी. एन्डेव्हरमध्ये तो पर्यायच नाही. एन्डेव्हरचं शेवटचं २.० इंजिन, दहा गिअरवालं, ३.२ पेक्षा शांत आहे आणि डिझेलही कमी खातं. मला मात्र पाच सिलिंडरचा आवाज सोडवला नाही.

ट्रायलला एकटे जाऊ नका. सातही जणांना बसवा, ज्याला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत, आणि खराब रस्ता मागून घ्या. एन्डेव्हर असेल तर परत आल्यावर डिकी उघडून सीटांची दोन्ही बटणं दाबून धरा. सीटं पूर्ण खाली जाऊन पूर्ण वर येईपर्यंत बोट काढू नका. एखादी मोटर मधेच अडली तर तो भाग मिळायला किती दिवस लागतील हे त्याच गॅरेजवाल्याला फोन करून विचारा, आणि मग भावाचं बोला.