चार चकत्यांचे नंबर लॉक: दहा हजारांचे चाळीस कसे होतात

किल्लीविना चालणाऱ्या या छोट्या कुलपाच्या वेष्टनावर ‘१०,००० क्रमांक’ असे ठळक छापलेले आहे आणि तो आकडा बरोबरच आहे. प्रत्येक चकतीवर ० ते ९ असे दहा अंक, म्हणून १० × १० × १० × १०. सेकंदाला एक या गतीने सगळे क्रमांक लावून पाहायचे म्हटले, तर २ तास ४६ मिनिटे ४० सेकंद लागतील. पाचवी चकती असती, तर हाच वेळ दहापट झाला असता. दहा हजारांचा दहा पायाचा लॉगॅरिदम, म्हणजे दहाचा कितवा घात केला की ती संख्या मिळते तो आकडा, ४ येतो, आणि चकत्याही चारच. कोष्टकात शोधावी लागणारी राशी इथे बोटांवर मोजता येते, याचे मला खरोखर अप्रूप वाटते. याच मापाने इंग्रजीच्या आठ लहान अक्षरांचा, कसाही निवडलेला पासवर्ड सुमारे ११.३ भरतो.

मात्र हा गुणाकार एका अटीवर उभा आहे: चारही अंक जुळेपर्यंत कुलपाने कसलाही सुगावा लागू देता कामा नये. हे कुलूप नेमके तिथेच कमी पडते. कडी वर ताणून धरली आणि चकत्या एकेक करून हलवल्या, की एखादी चकती इतरांपेक्षा घट्ट लागते. ती फिरवत नेल्यावर योग्य अंकापाशी कडी केसभर सरकते आणि मग दुसरी चकती घट्ट होते. प्रत्येक चकतीचा असा स्वतंत्र निकाल लागला, की गुणाकाराची बेरीज होते आणि जास्तीत जास्त ४० स्थाने तपासून काम भागते. आतल्या खाचा अधिक काटेकोर कापल्या असत्या आणि सोबत चुकीच्या अंकांपाशी काही फसव्या खाचाही ठेवल्या असत्या, तर हे इतके सोपे राहिले नसते.

अंक ठसठशीत आहेत आणि क्रमांक बदलण्याची सोयही सुटसुटीत आहे. प्रवासी बॅगेसाठी हे कुलूप जरूर घ्यावे, दारासाठी घेऊ नये.

वापरणाऱ्यानेही शक्यता आपल्या हाताने घटवू नयेत. दिवस-महिना असा वाढदिवस ठेवला, तर ३६६ पर्यायच उरतात. कुलूप लावल्यावर घाईत एकच चकती फिरवून ठेवण्याची सवय तर त्याहून घातक आहे, कारण ती ओळखणाऱ्याला ४ × ९ म्हणजे फक्त ३६ क्रमांक पाहावे लागतात. म्हणून दर वेळी चारही चकत्या फिरवाव्यात.