एलईडी हेडलाइट: आठ-नऊ महिन्यांनंतर, आणि एका स्क्रूवरून झालेलं भांडण

गाडी मागच्या दसऱ्याची. डिझेल, वरचं व्हेरियंट, प्रोजेक्टर एलईडी दिवे. नाव टाकत नाही, कारण बिलाचा तंटा अजून मिटलेला नाही. मायलेज, टचस्क्रीन, सनरूफ यांवर लोकांनी भरपूर लिहिलंय, आणि आमच्याकडे सनरूफ उघडायचं कुणाला सुचतही नाही. मी राहतो कराडला, सासुरवाडी चिपळूणची. म्हणजे कुंभार्ली घाट, आणि तोही बहुतेक वेळा ऑफिस सुटल्यावर. त्यामुळे या गाडीत मला कशाशी कर्तव्य असेल तर ते दिव्यांशी.

सुरुवातीला खूश होतो. जुन्या हॅचबॅकमध्ये ६०/५५ वॉटचा साधा एच-४ हॅलोजन बल्ब होता, त्यापुढे हा पांढरा उजेड म्हणजे चैनच. लो बीमची, म्हणजे जवळच्या झोताची, वरची कड पट्टीनं आखल्यासारखी: खाली लख्ख, वर काळोख. समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही, त्यामुळे कुणी डिपर मारून शिव्या घालत नाही.

जानेवारीत एका टेम्पोनं रिव्हर्स घेताना बंपर फोडला. सर्व्हिस सेंटरनं बंपर बदलला, त्यासाठी दिवे काढून परत बसवले. त्यानंतर गाडी रात्री चालवताना काहीतरी बिनसल्यासारखं वाटायचं. उजेड भरपूर, पण सगळा बॉनेटच्या पुढ्यातच. ऊसाचा सीझन ऐन भरात होता. मल्हारपेठच्या अलीकडे जोडट्रॉलीचा ट्रॅक्टर पुढे होता, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. दिसलं काय, तर बाहेर आलेल्या ऊसाच्या कांड्या, आणि त्याही काचेपाशी आल्यावर. ब्रेक लागला म्हणून हे लिहितोय.

सर्व्हिस अॅडव्हायझरनं दिवे लावून बघितलेसुद्धा नाहीत. “सर, एलईडी वीक झाल्यात. असेंब्ली बदलावी लागेल.” एका बाजूचे पंचवीस हजारांच्या आसपास, वर मजुरी आणि जीएसटी. बल्ब वेगळा निघतच नाही, अख्खा डबा बदलायचा. एच-४ गेला की दोन-तीनशे रुपयांत हायवेवरचा कुठलाही इलेक्ट्रिशियन उभ्या उभ्या घालून द्यायचा. आणि समजा एलईडी गेलीच, तर एका बाजूची जाईल ना? दोन्ही एकाच आठवड्यात म्हाताऱ्या कशा होतील?

बॉनेट उघडलं तर दिव्याच्या डोक्यावरच बारीक छापलेलं दिसलं: १.० टक्का, शेजारी खाली झुकलेल्या किरणांचं चित्र. याचा अर्थ असा की दर १० मीटरला लो बीमची कड १० सेंटिमीटर उतरली पाहिजे. सोसायटीच्या कंपाउंड वॉलपासून मोजून १० मीटरवर गाडी लावली, दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीला खडूनं रेघ मारली. कड त्या रेघेच्या तब्बल २५ सेंटिमीटर खाली! लेव्हलिंगचं चाक (झोत वर-खाली करायचं) शून्यावर, टायरमध्ये हवा बरोबर, मागे सामान नाही.

आता हिशेब बघा. माझा दिवा जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरवर आहे. १ टक्का उतार असेल तर कड सपाट रस्त्याला ७० मीटरवर टेकते. अडीच टक्के असेल तर २८ मीटरवर. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर थांबायला उरले ११ मीटर. कोरड्या रस्त्यावरही तेवढ्यात गाडी थांबत नाही. उजेडाचे लुमेन, रंगाचे केल्विन, दिवसा लागणाऱ्या डीआरएल दिव्यांचा आकार, सगळं बाजूला ठेवा. दीड टक्क्याच्या फरकानं पंचवीस हजारांचा दिवा कुचकामी झाला होता.

भिंतीवरचा फोटो दाखवला तेव्हा आतला एक वयस्कर मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. दिव्यामागचा पांढरा प्लॅस्टिकचा स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे, दोन्ही बाजू मिळून दहा मिनिटं. उजवीकडे कड आडवी, डावीकडे वर चढणारी, कारण डाव्या कडेचे पादचारी आणि पाट्या जरा लांबून दिसाव्यात. हे त्या काकांनीच भिंतीवर बोट ठेवून दाखवलं. अॅडव्हायझर तेवढ्यात चहाला गेला.

या लिखाणाचा पहिला खर्डा फेब्रुवारीतला, त्याचा शेवट “यापेक्षा हॅलोजन बरे” असा होता. तो खोडला. दिवे उत्तमच आहेत, सरळ रस्त्यावर तक्रारीला जागा नाही. घाटात मात्र हातचं राखून बोलतो. खळग्यात उतरलो की ती आखीव कड समोरचा चढ अर्धा कापते, आणि हेअरपिनवर उजेड दरीकडे, गाडी डोंगराकडे. वळणाकडे उजेड टाकणारे कॉर्नरिंग लॅम्प माझ्या व्हेरियंटला नाहीत. आता जुलैत कोयनानगर सोडलं की धुकं सुरू. पिवळा प्रकाश धुकं कापतो असं मेव्हणा ठासून सांगतो, पण धुक्याचे थेंब सगळेच रंग जवळपास सारखे उधळतात. उपयोग होतो तो फॉग लॅम्प खाली असल्याचा आणि हाय बीम बंद ठेवल्याचा. जुन्या हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये ऑनलाइन मागवलेले एलईडी बल्ब कोंबणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही, भाषा बिघडेल.

राहिलं ते लेव्हलिंगचं चाक. चिपळूणहून परतताना डिकीत तांदळाची पोती असतात, मागचं बूड बसतं, नाक वर होतं, आणि समोरचे डिपर मारायला लागतात. तेव्हा चाक दोनवर घ्यायचं, पोती उतरली की शून्यावर. सोपं आहे. पण हे चाक स्टिअरिंगच्या खाली उजव्या गुडघ्यापाशी, आणि त्याला उजेडच नाही! खिडकीच्या बटणाला दिवा, कपहोल्डरला निळी पट्टी, आणि जे फक्त रात्रीच वापरायचं ते काळं चाक अंधारात. मी त्याच्या शून्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, मोबाइलच्या टॉर्चमध्ये निदान तो तरी दिसतो. एवढ्यासाठी एक स्टार कापतोय, कुणाला जास्त वाटला तरी.

आणि हो, बिल. “हेडलॅम्प अलाइनमेंट” म्हणून साडेचारशे लावलेत. त्यांनीच बिघडवलेलं त्यांनीच नीट केलं, त्याचे पैसे मी का द्यायचे? सध्या मेलामेली चालू आहे. पैसे परत आले तर इथेच कळवतो.