गुंठा की आर? प्लॉट घेताय तर आधी हे क्लिअर करा

एजंट म्हणतो "पाच गुंठे", सातबाऱ्यावर दिसतं हेक्टर-आर-चौ.मी., आणि मग कोणीतरी हमखास सांगतं, "अहो गुंठा काय नि आर काय, एकच की!" एकच नाहीये.

गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ स्क्वेअर फूट, ४० गुंठे झाले की एकर. आर म्हणजे सरळ १०० चौ.मी., साधारण १०७६ स्क्वेअर फूट. एका गुंठ्यात तेराच फुटांचा फरक म्हणून कोणी मनावर घेत नाही, पण पाच गुंठ्यांना तो ६३ फूट होतो आणि भाव फुटाला २००० असेल तर सव्वा लाख गेले ना राव. एकराला तर जवळपास अर्धा गुंठा जातो.

खरी गंमत भावात आहे. एक जण गुंठ्याला २२ लाख म्हणतो, दुसरा आरला २१ लाख ९० हजार, ऐकायला दुसरा स्वस्त, पण फुटाला काढा, पहिला २०२० ला पडतो आणि दुसरा २०३५ ला. म्हणून माझं मत, गप्पा गुंठ्यात मारा, भाव फुटावर काढा, आणि खरेदीखतात आर-चौ.मी. सातबाऱ्याशी जुळवूनच सही करा. पाच गुंठे पूर्ण असतील तर तिथे ०.०५.०६ (म्हणजे शून्य हेक्टर, ५ आर, ६ चौ.मी.) दिसायला पाहिजे, ०.०५.०० असेल तर विचारा. प्लॉटिंगमधला रस्ता त्यातच धरलाय का तेही विचाराच.

डोळ्यांनी अंदाज घ्यायचाय? क्रिकेटवाल्यांना सोपं आहे. स्टंप ते स्टंप २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, इंग्रजांची मोजणीची अख्खी साखळी, आणि गुंठ्याची बाजू तिच्या बरोब्बर निम्मी. त्यामुळे दोन गुंठे लागून घेतले तर लांबीत पूर्ण पिच बसतं. कॉमेंट्रीत "बावीस यार्डांवर कळेल" म्हणतात ना, म्हणजे पॅव्हेलियनमधल्या बाता सोड, खेळून दाखव, तसंच इथेही एजंटच्या पावलांनी मोजलेलं धरू नका, भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी (जमिनीच्या हद्दी ठरवणारी सरकारी मोजणी) करून घ्या.

आणि शेतजमिनीतला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा असेल तर तुकडेबंदीचा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करण्यावरच्या कायदेशीर बंधनाचा) विषय येतो, नियम मध्ये बदललेत, तेव्हा इसार द्यायच्या आधी वकिलाला कागद दाखवा, नंतर नाही.