एल्डन रिंग की द विचर ३? सात महिने खेळल्यावरचं माझं मत

गेले सात महिने मी हे दोनच व्हिडिओ गेम आलटूनपालटून खेळतेय. द विचर ३ हा २०१५चा, एल्डन रिंग २०२२चा. दोन्हींतलं जग अंधारं आणि मोडकळीला आलेलं, पण खेळताना मनाची अवस्था अगदी वेगळी असते. मला द विचर ३ जास्त जवळचा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. पुढे दोन्हींच्या कथेतल्या काही गोष्टी उघड होतील, तेव्हा खेळायचे असतील तर इथेच थांबा.

लढाईत विचर एल्डन रिंगच्या जवळपासही पोचत नाही. एल्डन रिंगमध्ये स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बलाढ्य शत्रू उभा असतो. तो काठी उगारतो आणि हात वरच रोखून धरतो. घाबरून आधीच डॉज केलं, म्हणजे लोळण घेऊन वार चुकवला, की उठता उठता फटका बसतो. तो थांबलेला हात ओळखायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि मार्गिट पडला तेव्हा कंट्रोलर धरलेले हात थरथरत होते. आपण मेलो की जमवलेले रून्स, म्हणजे या गेममधलं चलन, तिथेच पडतात. ते उचलायच्या आत पुन्हा मेलं तर कायमचे गेले. त्यामुळे परतताना वाटेतल्या साध्या सैनिकाचीही धास्ती वाटते. विचरमध्ये कठीणपणाच्या चार पातळ्या आहेत, पण सवय झाली की क्वेन हे जादूचं कवच लावायचं, बाजूला सरकायचं आणि दोन वार करायचे, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी निभतं.

भटकण्यातही एल्डन रिंगच सरस. मिस्टवुड या जंगलात मला एक लिफ्ट सापडली. ती खाली जातच राहिली, आणि बाहेर पडले तर जमिनीच्या पोटात ताऱ्यांनी भरलेलं आकाश! हे कुणी आधी सांगितलं नाही म्हणूनच ते इतकं भिडलं. याउलट विचरमध्ये स्केलिग बेटांभोवतीच्या समुद्रात नकाशाभर प्रश्नचिन्हं, आणि होडीने जाऊन बघावं तर बहुतेक ठिकाणी तस्करांच्या पेट्या. मी ती अर्ध्यावर सोडली.

मग मन विचरकडे का ओढ घेतं? त्यातल्या वेलेन या प्रदेशातल्या ब्लडी बॅरनमुळे. दारूच्या नशेत बायकोला मारणारा हा माणूस, त्याची बायको ॲना आणि मुलगी तमारा दोघी घर सोडून गेलेल्या. मला तो सहन होत नव्हता. मग पोटातच गेलेलं त्यांचं मूल भेसूर रूप घेऊन परत येतं, आणि गेमचा नायक जेराल्ट, म्हणजे खेळताना आपणच, बॅरनला ते उचलून घ्यायला सांगतो. त्या वादळी रात्री मी त्याच्या बरोबरीने चालत होते. शेवटी तो त्या बाळाला नाव देतो, तेव्हा माझा राग तसाच होता, पण आता त्याच्या शेजारी कीवही होती.

पुढे टेकडीवरच्या झाडात कोंडलेला एक आत्मा भेटतो. पहिल्या वेळी मी त्याला सोडलं. दलदलीत राहणारी अनाथ पोरं वाचली, पण ॲना मेली आणि बॅरनने गळफास घेतला. दुसऱ्या वेळी त्या आत्म्याला मारलं. बॅरन वेड लागलेल्या बायकोला उपचारांसाठी घेऊन गेला, पण पोरं राहिली नाहीत. दोन्ही वेळा त्यानंतर खेळावंसं वाटेना.

एल्डन रिंगमध्येही बाप-लेकीची अशीच एक गोष्ट आहे. इरिना नावाची आंधळी मुलगी कॅसल मॉर्नमधल्या वडिलांसाठी चिठ्ठी देते. ती पोचवून, तिथलं सगळं निस्तरून परत यावं तर ती मेलेली असते. बाप, एडगर, तिच्याजवळ बसलेला. हाच एडगर पुढे लिअर्निया या भागात आपल्यावर चालून येतो. फार सुन्न करणारं आहे हे. पण मी काहीही केलं असतं तरी इरिना वाचली नसती. मी तिथे उशिरा पोचलेली परकी व्यक्ती होते. बॅरनच्या घरात जे झालं त्यात माझा हात होता.

एल्डन रिंगमधल्या रानी या पात्राची क्वेस्ट, म्हणजे तिच्यासाठी करायची कामगिरी, मात्र अपवाद म्हणायला हवी. ती पूर्ण केली तर गेमचं एक वेगळंच एंडिंग मिळतं. पण क्वेस्टची नोंद ठेवायची काही सोय नसल्याने मध्येच चार दिवस खंड पडला की कुठे होतो तेच आठवत नाही. मी शेवटी कागदावर लिहून ठेवायला लागले.

सामान हाताळणं विचरमध्ये कटकटीचं आहे: वजनाची मर्यादा, झिजणाऱ्या तलवारी, घरोघरची पोतडी उपसणं. तरीही तिसरी फेरी चालू आहे. वेलेनमध्ये पोचलेय, पण त्या टेकडीकडे अजून वळलेली नाही.