स्लो कुकर: खिमा लोफ फक्कड, नॉब भंगार (गणपतीपासूनच्या वापराचा अनुभव)

गेल्या गणपतीच्या सेलमध्ये घेतलेला साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. साधा नॉबवाला, डिजिटल नव्हे. तेव्हापासून आठवड्याला एकदा-दोनदा चालतोच. इतके महिने काही लिहावंसं वाटलं नाही. आता लिहितोय, कारण परवा कंपनीच्या माणसानं फोनवर ऐकवलं, "सर, नॉब अलग से नहीं आता, पूरा युनिट लेके आइए." युनिट म्हणजे ते जड चिनी मातीचं भांडं, काचेचं झाकण आणि बाहेरचा डबा. आणि न्यायचं कुठं, तर हुबळीला. बेळगावहून शंभर किलोमीटर, प्लास्टिकच्या एका नॉबसाठी.

नॉबवर येतोच. आधी मशीनबद्दल चार चांगले शब्द लिहून घेतो, नाहीतर नुसता राग काढलाय म्हणाल.

आमच्याकडे संध्याकाळी स्वयंपाकाला हात कमी पडतात. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपच्या स्टोअरला. बायको हॉस्पिटलात, तिची ड्युटी बदलती. आई घरी असते, पण गुडघ्यांमुळं गॅससमोर फार वेळ उभी राहू शकत नाही. त्यामुळं बुधवारी-शुक्रवारी मटण खायचं तर एकतर बाहेरून आणा, नाहीतर रात्री आठला कुकर लावा आणि दहाला जेवा. (सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यात चालत नाही. रविवारचा तांबडा रस्सा गॅसवरच होतो, तिथं या मशीनला प्रवेश नाही.) म्हणून हा खिमा लोफ, म्हणजे पावाच्या लादीसारखा एकसंध शिजवून काप काढायचा खिमा. तिकडं अमेरिकेत घरोघरी बीफचा करतात, ओव्हनमध्ये. आम्ही मटणाच्या खिम्याचा करतो आणि सकाळी लावून कामाला जातो.

अर्धा किलो खिमा घ्या. खाटकाला "दोनदा काढा" म्हणून सांगायचं, आणि नुसत्या मांडीचा घ्यायचा नाही. थोडी चरबी नसेल तर सहा-सात तासांनी कोरडा ठणठणीत होतो. दोन पाव दुधात भिजवून तसेच कुस्करायचे, पिळायचे नाहीत. ओलावा धरून ठेवायचं सगळं काम हा पाव करतो. एक अंडं. कांदा किसून तेलावर परतून गार केलेला. कच्चा घातला की पाणी सोडतो आणि काढताना लोफ फुटतो. आलं-लसूण, कोथिंबीर, मीठ आणि घरची कांदा-लसूण चटणी चमचाभर. सैल वाटलं तर डाळ्याचं पीठ. हे सगळं हलक्या हातानं एकत्र करायचं. कणकेसारखं मळत बसलात तर चिवट होणार.

भांड्याच्या तळाला बटाट्याच्या जाड चकत्या, त्यावर फॉइलच्या दोन रुंद पट्ट्या उभ्या-आडव्या, आणि त्यावर लोफ, कडेपासून बोटभर जागा सोडून. बटाट्यामुळं तो सुटलेल्या चरबीत बसून राहत नाही, आणि पट्ट्या धरून अख्खाच्या अख्खा बाहेर निघतो. पट्ट्या नसतील तर निघतो तो खिमा घोटाळा. चवीला तोही वाईट नाही, पण मग एवढा खटाटोप कशाला? शेवटच्या अर्ध्या तासात वरून टोमॅटो केचपमध्ये गूळ, चमचाभर व्हिनेगर आणि ब्याडगीची पूड कालवून फासायची. काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, मगच कापायचा.

नॉबवरच्या लो आणि हाय या दोन आचांबद्दल दुकानदारसुद्धा काहीबाही सांगतात. शेवटी दोन्ही जवळपास एकाच ठिकाणी पोचतात, उकळीच्या जरा खाली. हाय लवकर पोचतो, लो उशिरा. हायवर लोफला तीन-चार तास लागतात, लोवर सहा-सात. पण घड्याळावर विसंबू नका, टोचायचा थर्मामीटर घ्या. खिमा मधोमध ७१ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे. अख्ख्या तुकड्याच्या मटणाला एवढं काटेकोर नसलं तरी चालतं. खिम्यात मात्र बाहेरचं सगळं आत गेलेलं असतं.

घड्याळावर का नको, तर व्होल्टेज. आमच्या अनगोळच्या घरात मी मल्टिमीटर लावून बघितलंय, कधीकधी १९५ व्होल्ट भरतं. असल्या साध्या मशीनमध्ये नुसती कॉइल असते, आणि तिची उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. २३० च्या जागी १९५ म्हणजे चांगली २८ टक्के उष्णता गेली. पुस्तिकेतले सहा तास तिथं सहा राहत नाहीत. त्यात आमचा मुलगा शाळेतून आला की वास घ्यायला झाकण उघडतो. एकदा उघडलं की वीस-तीस मिनिटं मागे. झाकणावर आता कागद चिकटवलाय: "हात लावू नकोस."

तक्रार म्हणाल तर वरून खरपूस होत नाही. होणारच नाही. आत सगळी वाफ, शंभर अंशांच्या आतली, आणि मटणाला तांबूस रंग चढायला साधारण १४० च्या वर लागतात. झाकणाला धरलेलं पाणी वर ठिबकतं ते वेगळंच. त्याला उपाय म्हणजे झाकणाखाली ताणून धरलेलं सुती फडकं, टोकं वर बांधून. खरपूसपणासाठी काप तव्यावर टाका, दोन्ही बाजूंनी मिनिटभर. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधले गार काप तव्यावर तुपात परतून पावात घातले, तर ते पहिल्या रात्रीपेक्षा चांगले लागतात. आईचं मत, "हे रात्री कशाला करताय, सकाळच्यालाच करा की."

बाकीचं पटकन. पाया सूप अप्रतिम, रात्रभर ठेवा. भाताला निरुपयोगी. राजमा करणार असाल तर भिजवलेलं पाणी टाकून आधी गॅसवर दहा मिनिटं खळाखळा उकळून मगच यात घाला. त्यातलं विषारी द्रव्य या मंद आचेवर मरत नाही आणि पोटाचे हाल होतात. गोठलेला खिमा सरळ फ्रीझरमधून यात टाकू नका, आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका.

आता माझं बदललेलं मत. घेताना डिजिटल परवडला नाही म्हणून पहिले दोन महिने मी हळहळत होतो. डिजिटलमध्ये टायमर असतो, वेळ संपली की आपोआप वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवायच्या आचेवर जातो. यात ते काही नाही. मग परतीच्या पावसात लाइटचा खेळ सुरू झाला. मेव्हण्याकडं कोल्हापूरला डिजिटल आहे. लाइट जाऊन आली की तो सगळं विसरतो आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत थंड बसतो. आमचा नॉबवाला लाइट आली की जिथं होता तिथून पुढं सुरू. त्या दिवसापासून हळहळ संपली. फक्त घरी कोणी नसताना लाइट किती वेळ गेली होती ते कळायला हवं, कारण ५ ते ६० अंशांच्या मध्ये मटण तासन्‌तास पडून राहिलं तर नंतर कितीही शिजवून उपयोग नाही. आमच्याकडं आई आहे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहून ठेवते, "१२ ला गेलती, १२॥ ला आली."

विजेचा हिशेबही सांगतो, कारण मला कोणी सांगितला नव्हता. लेबलवर २०० वॅट, म्हणजे सात तासांना फार तर दीड युनिट. आठवड्याला दोनदा धरलं तर महिन्याला दहा-बारा. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती या सरकारी योजनेत वीज फुकट आहे म्हणून काही हरकत नाही असं वाटेल, पण ते सरसकट २०० युनिट नाहीत. २०२२-२३ मधली तुमची सरासरी आणि वर थोडे, साधारण दहा टक्के, एवढीच हद्द. आमची सरासरी कमी, तेव्हा आम्ही काटकसरीनं राहत होतो ना! त्यामुळं या मशीनचे युनिट थेट हद्दीबाहेर जातात. आणि २०० ओलांडले की सगळं बिल आपल्या माथी. प्रेशर कुकरला गॅस याच्यापेक्षा स्वस्त पडतो हे खरंय. पण प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजायला माणूस लागतो.

आणि आता तो नॉब.

ऑफ, लो, हाय, वॉर्म, असा क्रम. ही अक्षरं डब्यावर नुसती छापलेली. कोरलेली नाहीत. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत 'लो'चा निम्मा गेला, संक्रांतीपर्यंत सगळीच गेली. लोफ लावला त्या दिवशी दुपारी तीनला आईनं नॉब वॉर्मवर करायचा, असं आमचं ठरलेलं. मग मला स्टोअरमध्ये फोन.

"अरे, खूणच दिसत नाही. कुठपर्यंत फिरवू?"

"शेवटपर्यंत, उजवीकडं."

"शेवट कुठला? हे गोल गोलच फिरतंय."

ते गोल गोल फिरणं हाच खरा रोग. नॉबच्या आत इंग्रजी डी अक्षरासारखं भोक असतं, एका बाजूनं सपाट, तसाच सपाट कापलेला दांडा त्यात बसतो. प्लास्टिक इतकं हलकं की उष्णतेनं आणि फिरवून फिरवून ती सपाट बाजू गोल झाली. नॉब फिरतो, आतला दांडा जागेवर. म्हणजे काटा दाखवतो एक आणि मशीन करतं दुसरंच. एकदा काटा वॉर्मवर होता आणि दांडा लोवरच. संध्याकाळी लोफ चांगलाच सुकला. तेवढं चाललं असतं. पण फेब्रुवारीत उलटं झालं. काटा लोवर, दांडा आदल्या वेळच्या वॉर्मवर. कच्चा खिमा सकाळपासून कोमट बसलेला. घरी येऊन थर्मामीटर टोचला, ५४. पुन्हा हायवर लावून खाऊ, असा मोह झाला होता, आजकालचा मटणाचा दर बघता कोणालाही होईल. बायकोनं हातातून भांडं घेतलं आणि सगळं पिशवीत बांधलं. अर्धा किलो मटण, अंडं, दूध, पाव. कशामुळं, तर वीस रुपयांचं प्लास्टिक.

वॉरंटी शिल्लक होती म्हणून फोन केला. आमच्या पिनकोडला तेव्हा डिलिव्हरी उशिरा दाखवत होते, म्हणून मशीन मेव्हण्याच्या कोल्हापूरच्या पत्त्यावर मागवलं होतं. झालं. कोल्हापूरचा सर्व्हिसवाला म्हणाला, तुम्ही कर्नाटकात, घरी येता येत नाही, इकडं आणा. कर्नाटकच्या नंबरवर म्हणाले, बिल महाराष्ट्राचं, आधी पत्ता बदलायची रिक्वेस्ट टाका. टाकली. मग म्हणाले, बेळगावात आमचा माणूस नाही, हुबळीला आणा. कोल्हापूरला जायचं तर हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोलनाके, शिवाय सीमेवर काही झालं की बस कोगनोळीलाच थांबते. एवढी वर्षं सीमाप्रश्न ऐकतोय, पण त्यात माझा नॉब अडकेल असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी नॉब खिशात घालून कामावर नेला. आमच्या लेथवरच्या मामांनी तो बोटात फिरवून बघितला. "काय वो, ह्याच्यासाठी हुबळीला निघालासा? द्या हिकडं." व्हर्नियर लावलं, दांड्याचं माप मी घरून लिहून आणलंच होतं, सहा मिलिमीटर. भंगारातला नायलॉन रॉडचा तुकडा, धातू नको कारण आत वीज. भोक, सपाट बाजू, आणि बाजूनं एक बारीक ग्रब स्क्रू, दांड्याला घट्ट धरायला. कडेला बोटाला पकड मिळावी म्हणून खाचाही पाडल्या, त्या मी मागितल्या नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत झालं. पैसे घेतले नाहीत, पुढच्या लोफचे चार काप डब्यात द्यायचं ठरलं. डब्यावर मी कोरणीनं खुणा केल्या: लोला एक ठिपका, हायला दोन, वॉर्मला तीन. आई आता चष्मा न लावता बोटानं चाचपून नॉब लावते. फोन बंद.

घ्यायचा असेल तर दुकानात वॅट, लिटर, रंग नंतर बघा. आधी नॉब ओढून काढा आणि आतलं भोक बघा. अक्षरांवर नख घासून बघा. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्या. भांडं, कॉइल, झाकण यांबद्दल माझी एकही तक्रार नाही. मशीनला चार स्टार. सर्व्हिसला एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

अपडेट: आज मेसेज आला, "आपकी शिकायत का समाधान हो गया है." सोबत नव्या मॉडेलवर दहा टक्के सूट. लिंक उघडून बघितली. त्याला नॉबच नाही, टच पॅनल आहे. लाइट गेल्यावर त्याला आठवण राहते का विचारलंय. उत्तर ४८ तासांत येणार म्हणे.