ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन एफएनपी सर्टिफिकेट: नोकरी करत पूर्ण केल्यानंतरचा अनुभव

डॅलसजवळच्या एका क्लिनिकमध्ये फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एफएनपी, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स) म्हणून लागून आता बरेच महिने झाले. त्याआधी कितीतरी वर्षं हॉस्पिटलात नाईट ड्युटी केली आणि शेवटी शेवटी ड्युटीच्या जोडीला हा कोर्स. इथल्या मराठी नर्सेसचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न फीचा नसतो. "अगं, ख्रिश्चन युनिव्हर्सिटी ना ती? मग आपल्याला बायबल वगैरे?" हा असतो. म्हणून तिथूनच सुरुवात करते. युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम देत नाहीये. तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा अशा कुठल्याही ऑनलाइन कोर्सला लागू पडतील.

तर हो, बायबल आहे. दर आठवड्याच्या मॉड्यूलच्या डोक्यावर एखादं वचन आणि त्यावर चार ओळींचं चिंतन असायचं. लाइव्ह क्लास प्रार्थनेनं सुरू व्हायचा आणि मॅडम विचारायच्या, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का. कुणाच्या वडिलांची बायपास, कुणाचं घर वादळात गेलेलं. हरिपाठ ऐकत वाढलेल्या माणसाला देवाचं नाव घेऊन कामाला लागण्यात काही वावगं वाटायचं कारण नाही. मला वाटलं नाही. अ‍ॅडमिशनच्या वेळी "मी येशूला मानते" अशा कागदावर सही मागितली नाही. काही युनिव्हर्सिट्या मात्र विद्यार्थ्यांकडूनही आचारसंहितेवर सही घेतात, त्यात दारूपासून खासगी वागणुकीपर्यंत बरंच काही असतं. तो कागद फी भरण्याआधी मागवा आणि सावकाश वाचा. ख्रिस्ती दृष्टिकोनातून आरोग्यसेवा या विषयावर पेपर लिहावे लागले. मी माझ्या घरातून आलेलं लिहिलं, वारीत अनोळखी माणसाचे पाय चेपणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं, आणि मार्क कापले गेले ते एपीए फॉरमॅटच्या, म्हणजे संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धतीच्या चुकांसाठी. धर्मासाठी नाही.

एक फायदा तर कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. बहुतेक ऑनलाइन कोर्सेसची डेडलाइन रविवारी रात्री ११:५९ ची असते. इथे रविवार देवाचा म्हणून डेडलाइन सोमवारी. शनिवार-रविवार नाईट करणाऱ्या बाईला या एका दिवसाची किंमत विचारा.

हे सर्टिफिकेट कुणासाठी आहे, हे इथेच स्पष्ट करते, कारण गैरसमज फार आहेत. ज्यांच्याकडे नर्सिंगची मास्टर्स आधीच आहे त्यांच्यासाठी. माझी नर्सिंग एज्युकेशनमधली होती. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर होण्यासाठी मला दुसरी मास्टर्स नको होती, मधलं जे शिकायचं राहिलं होतं तेवढंच हवं होतं. नर्स प्रॅक्टिशनर हा प्रकारच मुळात १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केला. जिथे मुलांचे डॉक्टर पोचत नव्हते तिथे नर्सलाच तपासायला आणि उपचार करायला शिकवायचं, ही कल्पना. वाचताना मला आपलं जामखेड आठवलं. तिथे १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना हेच शिकवलं होतं, आणि तेही ख्रिस्ती श्रद्धेतूनच. वर्गाच्या ऑनलाइन चर्चेत मी जामखेडबद्दल पोस्ट टाकली तर अख्ख्या वर्गानं उत्तरं दिली. एरवी त्या पोस्ट म्हणजे "तुझा मुद्दा फार छान आहे" याच्या शंभर आवृत्त्या.

अ‍ॅडमिशननंतर पहिली पायरी म्हणजे गॅप अ‍ॅनालिसिस. तुमची जुनी मार्कशीट बघून कुठले विषय माफ ते ठरवतात. अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट हे तीन विषय सगळ्यांना लागतातच. माझी पहिली तक्रार इथली आहे. फोनवर अ‍ॅडमिशनवाल्या मुलीनं "तुमचे दोन माफ होतील" असं सांगितलं. प्रवेश पक्का झाल्यावर कळलं की एक विषय जुना झालाय, पुन्हा करा. त्याची फी वेगळी, सेमिस्टर वेगळं. त्यामुळे गॅप अ‍ॅनालिसिस लेखी हातात आल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. शिवाय तुमच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला घ्यायची त्या युनिव्हर्सिटीला परवानगी आहे का आणि कोर्सला सीसीएनई, एसीईएन अशा नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का, हेही बघा. मान्यता नसेल तर शेवटच्या सर्टिफिकेशनच्या परीक्षेलाच बसता येत नाही.

अभ्यासाचा भाग पटकन संपवते. रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, कॉम्प्युटरवरचा खोटा पेशंट (त्याला प्रश्न टाइप करायचे, आणि तुम्ही बरोबर शब्द वापरला नाही की तो "मला समजलं नाही" म्हणतो), शेकडो प्रश्न. परीक्षा घरूनच, पण कॅमेऱ्यासमोर. सुरुवातीला लॅपटॉप उचलून सगळी खोली फिरवून दाखवायची. माझ्या टेबलामागे देवघर आहे. पलीकडचा माणूस म्हणाला, ते छोटं कपाट उघडून दाखवा. उघडलं. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती, शंख, उदबत्तीचा पुडा. मग म्हणाला, त्या मूर्तींच्या मागे काही कागद आहेत का ते बघायचंय. सकाळी साडेसातला नाईट संपवून आलेली मी, एकेक देव उचलून कॅमेऱ्याला दाखवत होते. पुढच्या परीक्षांना मी मुलीच्या खोलीत बसले.

कॅम्पसवर मात्र काही दिवसांसाठी जावंच लागतं. तिथे टाके घालणं, गुडघ्यात इंजेक्शन देणं, पेल्विक तपासणी, एक्स-रे वाचणं हे सगळं हाताखालून गेलं. टाके डुकराच्या पायावर शिकवतात, कातडी बरीचशी माणसासारखी. ज्यांना नको त्यांना सिलिकॉनचा तुकडा मिळतो, आधी सांगितलं तर. मला कामाचं वाटलं ते कान बघणं. आधी मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे, लहान पोराचा खाली आणि मागे ओढायचा, मग उजव्या कानाच्या पडद्यावर उजेडाचा तिकोना घड्याळातल्या पाचच्या जागी आणि डाव्यावर सातच्या जागी दिसला पाहिजे. पुस्तकात सोपं आहे. दोन वर्षांचं पोर आईच्या मांडीवर किंचाळत असताना तुम्हाला फक्त मळ दिसतो.

आता मुख्य गोष्ट. कोर्स "ऑनलाइन" आहे या शब्दावर जाऊ नका. अमेरिकेत २०२२ मध्ये आलेल्या नव्या मानकांनुसार नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात प्रत्यक्ष पेशंट बघण्याचे किमान ७५० तास लागतात. आधी ५०० होते. हे तास तुमच्या नोकरीतले धरत नाहीत, पगारही मिळत नाही, आणि ते लहान मुलं, बायका, प्रौढ, म्हातारी माणसं अशा सगळ्यांत विभागावे लागतात. त्यासाठी प्रिसेप्टर हवा, म्हणजे स्वतःच्या क्लिनिकमध्ये तुम्हाला सोबत बसू देईल असा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर. युनिव्हर्सिटीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, "आम्ही मदत करू." मदत म्हणजे एक यादी आली. त्यातली काही क्लिनिक्स बंद पडलेली, काहींनी फोनवरच सांगितलं की आम्ही विद्यार्थी घेत नाही. पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या एजन्सीज आहेत आणि त्यांचे दर ऐकून पोटात गोळा येतो. माझा प्रश्न सुटला मंडळाच्या गणपतीत. प्रसादाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एक ताई मुलांच्या डॉक्टर निघाल्या. त्यांनी होकार दिला तरी क्लिनिक आणि युनिव्हर्सिटी यांच्यातला करार व्हायला इतका वेळ गेला की ती रोटेशन (त्या क्लिनिकमधली पाळी) पुढच्या सेमिस्टरवर ढकलली गेली. कोर्सला जायच्या आधीच माणसं शोधायला लागा. ओळख काढण्यात लाज कसली.

त्या काळातला आठवडा असा: तीन नाईट, दोन दिवस क्लिनिक, उरलेल्यात झोप, नोट्स आणि घर. नाईट करून थेट क्लिनिकला जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी त्याला मनाईच आहे, आणि ती बरोबर आहे. माझ्या मॅनेजरनं ड्युट्या सलग लावून दिल्या म्हणून निभावलं. हॉस्पिटलनं फीचा थोडा भार उचलला. मालकानं दिलेल्या शिक्षणखर्चातले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असतात, पण त्या बदल्यात नोकरीत राहायचा बाँड असतो. तो किती काळाचा ते नीट वाचून घ्या.

श्रद्धेच्या भागाचं मोल मला कळलं ते क्लिनिकमध्येच. आम्हाला 'फिका' नावाची प्रश्नावली शिकवली होती, डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ च्या सुमारास केलेली. चारच गोष्टी विचारायच्या: तुमची श्रद्धा काय, तिचं आयुष्यात महत्त्व किती, तुमची माणसं कोण, आणि आम्ही उपचारात त्याचं काय करावं. वर्गात मला हे जरा शोभेचं वाटायचं. मग एक मराठवाड्याकडच्या आजी आल्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). डायबेटिस, ग्लिपिझाइड नावाची साखरेची गोळी दोन वेळा. मधूनच घाम फुटून चक्कर येते, संध्याकाळी साखर एकदम वर. मुलगा म्हणाला, "आईचं खाणं एकदम कंट्रोलमध्ये आहे." प्रिसेप्टर फाइल चाळत होत्या. मी मराठीत विचारलं, "आजी, तुमचं देवाधर्माचं काय काय असतं?" आजी खुलल्या. "दोन्ही एकादश्या, संकष्टी, सोमवार." मग सकाळच्या गोळीचं काय करता? "गोळी कशी चुकवायची बाई, डॉक्टरांनी बजावलंय. पाण्याबरोबर घेते." आणि खाणं? दुपारपर्यंत काही नाही, मग साबुदाण्याची खिचडी आणि केळं. सगळं कोडं तिथेच सुटलं. ग्लिपिझाइड पोट रिकामं असलं तरी साखर उतरवतं, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. साखरेच्या वहीतल्या चकरांच्या तारखा कालनिर्णयशी जुळवून पाहिल्या, बहुतेक जुळल्या. प्रिसेप्टरनी गोळीच बदलली, साखर एकदम खाली नेणार नाही अशी दिली. खिचडीच्या जागी भगर थोडी, दही आणि दाण्याची आमटी जास्त, असं आजींशी तडजोडीनं ठरलं. उपास सोडा असं कुणी म्हणालं असतं तर आजी पुन्हा आल्या नसत्या.

एका बाबतीत आधीच चौकशी करा. तुमची रोटेशन कॅथलिक हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये पडली तर गर्भनिरोधनाचं काम तिथे जवळपास बघायला मिळत नाही, त्यांचे धार्मिक निर्देश तसे आहेत. माझी युनिव्हर्सिटी प्रोटेस्टंट होती आणि हा विषय तिने व्यवस्थित शिकवला. परीक्षेत तो येतोच. ऑरासह मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे झगमग वगैरे होणं) असलेल्या बाईला इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी द्यायची नाही, हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

सर्टिफिकेशनची परीक्षा दोन संस्था घेतात. एएनसीसीची १७५ प्रश्नांची, एएएनपीसीबीची १५० ची. पहिलीत धोरण आणि संशोधनावरही प्रश्न असतात, दुसरी जवळपास पूर्ण क्लिनिकल. नोकरी देणाऱ्यांना दोन्ही सारख्याच, मी दुसरी दिली. युनिव्हर्सिटीनं कोर्स पूर्ण झाल्याचा फॉर्म संस्थेला पाठवायला इतके आठवडे लावले की माझी नोकरीची तारीख पुढे गेली. दर दोन दिवसांनी मेल करत राहा, संकोच करू नका.

टेक्ससमध्ये नर्स प्रॅक्टिशनरला औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, आणि क्लिनिकमध्ये बसून शेड्यूल टूची (मॉर्फिनसारखी, कडक नियंत्रणातली) औषधं लिहिता येत नाहीत. अ‍ॅरिझोनात तसं बंधन नाही. नोकरी कुठे करायची आहे ते आधी ठरवा. पगार हॉस्पिटलातल्या नर्सच्या नोकरीपेक्षा वाढला, पण नाईटचा भत्ता आणि ओव्हरटाइम धरला तर फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही. रात्री घरी असते, हा मला पुरेसा फरक आहे.

सांगली-सोलापूरकडून मुली विचारतात, हे ऑनलाइन करून भारतात प्रॅक्टिस करता येईल का. नाही. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचे नर्स प्रॅक्टिशनर कोर्स वेगळे आहेत, क्रिटिकल केअर, मिडवाइफरी वगैरेचे, आणि ते तिथल्या हॉस्पिटलात राहून करायचे असतात. इकडे यायचं असेल तर आधी एनसीएलईएक्स (इथल्या नर्सच्या लायसन्सची परीक्षा) आणि व्हिसा, मग इथली मास्टर्स. हा कोर्स त्यानंतरचा.