चार रिलेंचा वायफाय बोर्ड: आठेक महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. बोर्ड चांगला, सोबतचा कागद टाकाऊ.

सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसाठी हा ईएसपी३२ चिपचा (वायफाय असलेला छोटा प्रोग्रॅम करता येणारा मेंदू) बोर्ड घेतला. काम साधं: फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर चालू-बंद होणारा) वाचायचा, त्याप्रमाणे रिलेने, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचने, पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटारीचा जड करंट झेलणारा मोठा स्विच) ओढायचा किंवा सोडायचा. रिले अजून एकही चिकटलेला नाही, टर्मिनलचे स्क्रू दणकट आहेत, उन्हाळ्यात पेटी तापली तरी वायफाय सुटलं नाही.

कागद म्हणजे हातभर घडी घातलेलं एक पान. त्यावर लिहिलंय की पहिलं इनपुट चिपच्या पिन ३२ वर आहे. प्रत्यक्षात ते १२ वर निघालं. मल्टिमीटर लावून ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, शोधावा लागला. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'व्ही १.३' छापलंय, कागद कोणत्या आवृत्तीचा ते कुठेच नाही. ठीक, प्रोग्रॅममध्ये पिन बदलली आणि विसरलो.

खरा ताप नंतर सुरू झाला. वीज जाऊन आली की कधी बोर्ड लगेच उठायचा, कधी मेल्यासारखा पडून राहायचा आणि दुपारी आपला आपण जिवंत व्हायचा. वायरमन येईपर्यंत सगळं सुरळीत. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, तरी तेच. शेवटी लक्षात आलं की टाकी भरलेली असतानाच तो उठत नाही. भरलेल्या टाकीत फ्लोट बंद होतो आणि पिन १२ वर ३.३ व्होल्ट येतात. या चिपमध्ये चालू होण्याच्या क्षणी पिन १२ला व्होल्टेज मिळत असेल, तर प्रोग्रॅम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीला १.८ व्होल्ट द्यायचे असं ती समजते. आमची फ्लॅश ३.३ ची. मग प्रोग्रॅम वाचलाच जात नाही, चिप पुन्हापुन्हा रिसेट होत राहते; पाणी उतरलं, फ्लोट सुटला की पुढच्या रिसेटला गाडी रुळावर. तार तिसऱ्या इनपुटवर नेली, प्रश्न मिटला.

गंमत अशी की चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफच्या डेटाशीटमध्ये (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकात) हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पिन ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत, त्यांना आतले पुल-अप (पिन मोकळी असताना तिला व्होल्टेजवर धरून ठेवणारे रोधक) नाहीत, हेही आहे. पण बोर्ड घेणाऱ्याने ते का वाचावं? पिन १२ टर्मिनलवर आणायचं बोर्डवाल्याने ठरवलं, तेव्हा 'वीज येताना हे इनपुट चालू नको' एवढी एक ओळ त्यानेच द्यायला हवी होती.

विक्रेत्याला कळवलं. दोन दिवसांत नवी पीडीएफ आली, व्ही १.४ ची. हसावं की रडावं!

तरी त्यांची अडचण मला कळते. सॉफ्टवेअर बदललं की सगळ्यांकडे नवं पोचवता येतं. बोर्ड एकदा खोक्यात गेला की गेला. एकाच दुकानात तीन आवृत्त्या एकाच नावाने विकल्या जातात. एखादा सुटा भाग बाजारातून गायब झाला की ट्रेस बदलतात, आणि छापून ठेवलेले कागद मात्र संपेपर्यंत वाटले जातात. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणक-बोर्डालाही हे चुकलं नाही: २०१२ मध्ये पहिल्या मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीत काही पिनांचे क्रमांक बदलले, आणि जुने प्रोग्रॅम नव्या बोर्डावर अडले. फरक इतकाच की तिथे आवृत्तीचा कोड बोर्डालाच विचारता येतो आणि कोणत्या कोडचा अर्थ काय, ते जाहीर असतं.

आणखी एक गोष्ट, आणि ही धोक्याची. रिलेवर १० अँपिअर छापलंय. तो आकडा हीटरसारख्या सरळ भाराचा. मोटार सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते. कागदावरच्या चित्रात मात्र पंप थेट रिलेला जोडलाय. तसं करू नका, मध्ये कॉन्टॅक्टर घाला.

बोर्डाला पाचपैकी चार, कागदाला एक. घेणार असाल तर विक्रेत्याकडे आधी त्याच आवृत्तीची सर्किट आकृती मागा. मिळाली तर बिनधास्त घ्या. नाही मिळाली आणि मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल, तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी दुसरा बघा.